देवांच्या मधोमध गीताबाई

शिमग्याला आमच्या कुणबीवाडीतल्या लडकूने कुंडलिक पाटलाच्या चालीचं सोंग आणलं. पोट पुढे, हात मागे. सोंग झकास वठलं, म्हणूनच पाटील चिडला. त्याची आगरी आळी आणि आमची वाडी यांचं येणंजाणं बंद झालं. वैशाखात त्याच्या लेकीचं, सरिताचं लग्न निघालं, तर आमच्या वाडीत एक आमंत्रण नाही.

सरिताचा जीव मात्र आमच्या गीताबाईत. ती तान्ही असताना आई आजारी पडली, तेव्हा गीताबाईनेच तिला अंगावर पाजलं होतं. पहिली हळद गीतामावशीच्याच हातची हवी, असं पोरीने धोंडीबाईला रडत सांगितलं. धोंडीबाई आमची धवळारीण. लग्नाचे धवळे गायला दोन्हीकडे ती एकटीच, आणि तिच्याइतकी वस्ताद बाई मुरबाडात शोधून सापडणार नाही.

हळदीच्या दिवशी पाटलाच्या मांडवात ती धवळा गात देवांना आवतण द्यायला बसली. आमच्याकडे रीत अशी, की धवळ्यात ज्या माणसाचं नाव येईल त्याच्या दारी यजमानाने स्वतः अक्षता न्यायच्या, तोवर हळद लावायची नाही. धोंडीबाईने म्हसा गावच्या देवाला बोलावलं, मग गीताबाईला, मग एकवीरा आईला. मांडवावरच्या कर्ण्याचं तोंड आमच्या वाडीकडे होतं, म्हणून ते नाव आम्हीही ऐकलं. कर्णा तसा पाटलानेच वळवला होता, आम्हाला जळवायला.

"ते नाव काढ," पाटील गुरगुरला.

"काढते की. पन मधलं काढलं तं पुढली एकवीरा आईबी जाईल. सांग, काढू?"

पाटील निघाला. पोट पुढे, हातात अक्षतांची वाटी.

गीताबाई केव्हाची नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. त्याला बघताच तिला रडू आलं.

"पोरीला किती ताटकळत ठेवलीस रे."

पाटलाने अक्षता तिच्या हातात दिल्या. "चला, सगळीच चला," एवढं कसंबसं म्हणाला.

वाटेत लडकू त्याच्या मागून त्याच चालीने चालू लागला. पाटलाने वळून पाहिलं. आता काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं.

"पोट अजून पुढं घे," पाटील म्हणाला.

गीताबाईने गालाला हळद लावली तेव्हा कुठे सरिता हसली. आम्हालाही फार बरं वाटलं. धोंडीबाईने मात्र दम खाल्ला नाही. तिने पुढचा धवळा धरला आणि त्यात आमंत्रण नसलेल्या ठाकूरवाडीतल्या बारकीचं नाव घातलं.

कोणी काही बोलायच्या आत पाटलाने वाटी उचलली.