तोमोबे-सानचे सोन्याचे कान

जपानमधल्या हामामात्सु गावात सिंथेसायझरबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. निम्मं गाव ही वाद्यं बनवणाऱ्या कारखान्यांतून निवृत्त झालेलं आणि उरलेलं निम्मं त्यांच्या गप्पा ऐकून पिकलेलं. त्यातही तोमोबे यासुहिको यांचं मत म्हणजे शेवटचा शब्द. कारखान्यात तीस वर्षं त्यांनी कीबोर्डचे आवाज पारखले होते. निवृत्त झाल्यावरही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, निइमीच्या टोफूच्या दुकानावरच्या खोलीत, आठ-दहा शौकीन त्यांच्याभोवती बसत आणि ते बोलतील त्याला माना डोलावत. मंडळी त्यांना ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणत. सेन्सेईंचे कान सोन्याचे आहेत, असं एकदा कुणीतरी म्हणालं होतं. ते कुणीतरी म्हणजे बहुधा तोमोबे-सान स्वतःच.

गेल्या बुधवारी कानाच्या डॉक्टरांनी या सोन्याचा कस लावला. कागदावरची रेघ सुरुवातीला बरी चालली होती, मग एकदम घसरगुंडीवरून सुटल्यासारखी खाली आली. डॉक्टर वयाने नातवाएवढे. म्हणाले, “वरच्या पट्टीतलं तुम्हाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली असणार.” बरीच वर्षं! म्हणजे या शौकिनांच्या मंडळाच्या पत्रकात ‘या यंत्राच्या वरच्या स्वरांत पहाटेची हवा आहे’ असं जे आपण लिहिलं, ती हवा कुठली? आपल्याच डोक्यातली.

“अहो, सांगून टाका ना मंडळींना. तुमच्या वयाला शोभून दिसेल,” बायको सुमिए म्हणाली.

“शोभायला तो काय टाय आहे?” तोमोबे-सान करवादले. खरं कारण वेगळं होतं. घरी त्यांचं कुणी ऐकत नसे, बँकेत ऐकत नसे, मुलगा तर फोनही उचलत नसे. जगात ती एकच खोली होती जिथे त्यांनी घसा खाकरला की माणसं चहाचे पेले खाली ठेवत. तीही गेली तर उरलं काय?

आणि नेमकी त्याच आठवड्यातल्या शनिवारी, मंडळी जमली असताना, इसोगाई आली. पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरगी, आता पंचेचाळिशीची, कारखान्यातल्या नव्या कीबोर्डच्या आवाजाची सगळी जबाबदारी तिच्यावर. बाजारात न आलेला नमुना ती चादरीत गुंडाळून घेऊन आली होती.

“सेन्सेई, सोमवारी आवाज पक्के होतात, मग बदलता येत नाहीत,” ती वाकून म्हणाली. “आमच्याकडची पोरं म्हणतात, वरचे स्वर टोचतात. मला कळेनासं झालंय. तुम्ही सांगाल ते करेन.”

नाही म्हणायला तोमोबे-साननी तोंड उघडलं. पण खोलीतले पेले खाली ठेवले गेले होते. त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि उजवीकडच्या पट्ट्या दाबल्या. त्यांना ऐकू आली ती पट्ट्यांची टकटक. मग त्यांनी वरच्या कोपऱ्यातलं गोल बटण हातात घेतलं.

“सेन्सेई, ते बटण...” इसोगाई पुढे सरकली.

“शू!” दंतवैद्य कुवाबारा तिच्यावर डाफरले. “सेन्सेई ऐकताहेत.”

तोमोबे-सान बटण केसाएवढं फिरवत, थांबत, मान तिरकी करत, परत फिरवत होते. तीस वर्षांत कमावलेला अभिनय होता तो, आवाज पारखण्यापेक्षा त्यालाच जास्त मेहनत लागलेली.

“आता,” ते म्हणाले, “टोचणं गेलं. रेशीम आलं.”

“आलं!” कुवाबारा मांडीवर थाप मारून म्हणाले. “अंगावर काटा आला बघा.”

“मी आधी म्हणणार होतो,” निइमी म्हणाला. “टोफू जमतो तेव्हा कसा थरथरतो, तसं झालं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. इसोगाई तेवढी चटईकडे बघत बसली होती. मघाशी तिचं बोलणं तोंडातच राहिलं, हे तोमोबे-सानना आठवलं.

“काय म्हणत होतीस तू?”

“काही नाही, सेन्सेई. बरोबर आहे तुमचं. असंच ठेवू.”

“इसोगाई.”

तिने कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकून सांगितलं, “ते बटण अजून जोडलेलंच नाही. फोटोसाठी नुसतं चिकटवलंय.”

खोलीत एवढी शांतता पसरली की ती मात्र तोमोबे-सानना नीट ऐकू आली. कुवाबारांनी संत्रं सोलायला घेतलं आणि ते सोललेलंच निघालं.

आता हसण्यावारी नेता आलं असतं. इसोगाईने ती वाट मोकळीही ठेवली होती. पण ही मुलगी आपली अब्रू राखायला सोमवारी स्वतःचं काम बिघडवून घेणार होती, हे त्यांना दिसलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

“मला वरचं काही ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “पहाटेची हवा, रेशीम, सगळं थापा. बहिऱ्याच्या नादी लागलात तुम्ही.”

“ठाऊक आहे आम्हाला,” निइमी हळूच म्हणाला. “खाली दुकानात किटली शिट्टी मारून मारून करपली होती, तुम्ही शेजारी पेपर वाचत होतात. चार वर्षं झाली.”

“मग माना कशाला हलवता रे गाढवांनो?”

“तुम्ही एकदा बोललात की आम्हाला खरंच ऐकू यायला लागतं,” निइमी म्हणाला. “तुम्ही नसता तेव्हा नुसता पिंपिं आवाज येतो.”

यावर रागवावं की रडावं, तोमोबे-सानना कळेना. त्यांनी नाक शिंकरलं.

“पोरं म्हणतात ना टोचतं? मग टोचत असेल. त्यांचं ऐक,” ते इसोगाईला म्हणाले.

“बरं. मग तुम्हाला जे ऐकू येतं, ते तरी सांगा.”

त्यांनी डाव्या टोकाची पट्टी दाबून धरली. खर्ज घुमला. हा आवाज त्यांना कानाने नाही तर बरगड्यांनी ऐकू येत होता. या वेळी डोळे मिटायचं त्यांना सुचलंही नाही.

“शेवट तुटतो,” ते म्हणाले. “आवाज विरत जायला हवा, हा दार आपटल्यासारखा बंद होतो. ऐकू आलं?”

सगळ्या माना डोलल्या.

“माना नकोत. तोंडाने बोला.”

“मला नाही आलं, सेन्सेई,” कुवाबारा लालबुंद होऊन म्हणाले. अकरा वर्षांत मंडळातलं हे पहिलं वेगळं मत होतं.

“तुटतो,” इसोगाई म्हणाली. “आम्हीच तोडतो. नियम आहे तसा.”

“कुठल्या मूर्खाचा?”

ती पुन्हा चटईकडे बघू लागली. “तुमचा, सेन्सेई. पस्तीस वर्षांपूर्वी यंत्रात आवाज साठवायची मेमरी महाग होती. तुम्ही म्हणालात, खर्जाचं शेपूट कापा, ऐकायला कोण बसलंय! कारखान्यात त्याला ‘तोमोबे नियम’ म्हणतात. आता मेमरी मातीमोल झालीय, पण नियम तुमचा. हात लावायची कुणाची छाती होत नाही.”

‘हल्लीच्या यंत्रांच्या खर्जात जीव नाही, नव्या पिढीला धीर नाही’ हे तोमोबे-साननी पत्रकात किती वेळा लिहिलं होतं, ते मोजायला दोन हात पुरेनात. मग ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं.

“निइमी, कागद दे.”

निइमीने टोफूच्या ऑर्डरींच्या वहीतलं पान फाडून दिलं. तोमोबे-साननी त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘खर्ज कापू नये. कापायला सांगणारा मूर्ख होता.’ खाली सही केली.

इसोगाईने दोन्ही हातांनी कागद घेतला, वाचला. “सेन्सेई, ‘मूर्ख’ तेवढं खोडा ना.”

“राहू दे,” तोमोबे-सान म्हणाले. “त्याशिवाय कारखान्यातले ऐकायचे नाहीत.”