शाळाबाह्य

पुनम सर्वेक्षणाचे कागद घेऊन दारात आली तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. ती माझीच विद्यार्थिनी, आता आमच्या सोनगीरलाच शिक्षिका आहे. शाळेत न जाणारी मुलं घरोघर फिरून शोधायची, हे काम मीही चौतीस वर्षं केलं. "पोऱ्या मामाना गावले जायेल शे," असं आई सांगायची आणि पोऱ्या कोठीमागे शिंकायचा. मग मी त्याला बखोटीला धरून शाळेत नेऊन बसवायचो.

"गुरुजी, सहा ते चौदा वयाचं कोणी आहे का घरात?" पुनमनं विचारलं. तिला माहीत होतं, पण विचारावंच लागतं.

आहे ना. माझी नात भाविका, आठ वर्षांची. माझा मुलगा सुयश पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. दोन वर्षांपूर्वी इथं राहायला आला आणि त्याच दिवशी त्यानं जाहीर केलं की पोरीला शाळेत घालणार नाही, घरीच शिकवणार. सून समीक्षा धुळ्याला नर्स आहे, तिचाही होकार. तेव्हापासून आमच्या घरात अपूर्णांक पोळीवर शिकवतात. पोळी खाऊन झाली की अपूर्णांकही संपतो.

माझं मत आजकाल कोणालाच आवडत नाही, तरी सांगतो. पोराला शाळेत कंटाळा यायलाच पाहिजे. नावडत्या पोराशेजारी वर्षभर बसता आलं पाहिजे. एखादा भिकार मास्तरही वाट्याला आला पाहिजे, म्हणजे पुढं भिकार साहेब सोसतो. आणि माझ्या आजोबांना शाळेच्या ओट्यावरही चढू दिलं नव्हतं. त्यांच्या खापरपणतीनं आपणहून घरी बसावं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

तरी त्या दिवशी मी काय बोललो? म्हणालो, "भाविकाचं नाव जळगावला आहे. मावशीकडे राहते, सुट्टीला आली आहे."

गावातल्या पोरांची यादी करणारा मी, माझ्याच नातीचं नाव त्या यादीत जाणार होतं. लाज वाटली, म्हणून खोटं बोललो.

भाविका आतून पळत आली. "आजोबा, माझी मावशी तर नाशिकला असते!"

पुनम कागदात बघत राहिली. हसली नाही, हे तिचे उपकार.

पाठोपाठ सुयश आला. "लिहा मॅडम, शाळाबाह्य. आम्ही लपवत नाही."

"कारण लिहावं लागतं," पुनम म्हणाली. "स्थलांतर, मजुरी, लहान भावंडं सांभाळणं... किंवा इतर."

"फॅशन लिही!" मी ओरडलो. "बापाला हौस आली आहे, असं लिही!"

माझी बायको केसरबाई आतून म्हणाली, "आते गप बसा. पोर बठ्ठं ऐकी ऱ्हायनी."

सुयशचा आवाज चढला नाही. "नाना, मी चार वर्षं तुमच्या वर्गात होतो. दंगा कोणीही केला तरी पहिली छडी मला मिळायची. मुख्याध्यापक आपल्या पोराला पाठीशी घालतो असं गावानं म्हणू नये, म्हणून. गृहपाठ राहिला म्हणून सगळ्यांसमोर अंगठे धरायला लावलेत. संध्याकाळी घरी यायचो, तर घरीही तुम्हीच. ज्यांना मास्तरनं मारलं ती पोरं घरी जाऊन बापाला सांगायची. मी कोणाला सांगायचं?"

छडीचं मला आठवत होतं, नाही असं नाही. उलट निवृत्तीच्या सत्कारात एका पाहुण्यानं ते कौतुकानं सांगितलं होतं आणि मी खुर्चीत ताठ बसून ऐकलं होतं. सुयश त्या कार्यक्रमाला आला नव्हता. काम असेल, असं मी धरून चाललो होतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. पुनमकडे वळून म्हणालो, "कारणात माझं नाव लिही."

"तसा रकाना नाही, गुरुजी," ती हळूच म्हणाली आणि तिनं 'इतर'वर खूण केली.

ती निघाली, तशी भाविका तिच्यामागे फाटकापर्यंत गेली आणि वर्गात किती मुली आहेत ते विचारून आली. "अकरा!" तिनं बापाला सांगितलं. सुयशनं तिचा फुललेला चेहरा पाहिला. मग मला म्हणाला, "सोमवारी घेऊन जा तिला. नाही आवडलं तर परत घरी. पण तुम्ही फाटकाच्या आत जायचं नाही. तिच्याबद्दल मास्तरांशी एक शब्द बोलायचा नाही. तिथं ती कोणाची नात नाही."

कबूल केलं. सोमवारी भाविकाचा हात सोडला, ती आत गेली. पुनमनं वर्गातून मला पाहिलं आणि लगबगीनं बाहेर आली. "गुरुजी, उन्हात काय उभे? आत या, चहा ठेवला आहे."

"नको," मी म्हणालो. "मला परवानगी नाही."