नवसीची न लिहिलेली तक्रार

कैद्यांची ने-आण करणाऱ्या पोलिसांच्या कैदी पार्टीत बदली होऊन हवालदार प्रतिभाला जेमतेम महिना झाला होता. त्या सकाळी आधारवाडी जेलमधून कल्याण कोर्टात न्यायची बाई गाडीत चढली, तेव्हा प्रतिभाचा हात दांडीवरच राहिला. बारवीकडच्या वाडीतली नवसी. नवऱ्याच्या, सोमाच्या खुनाचा आरोप होता तिच्यावर.

नवसीनेही ओळखलं. "मॅडम, तुमी हाव होय? बरं झालं. तुमी मला चौकीत चहा पाजलावता."

प्रतिभाने गाडीचं दार ओढून घेतलं.

गेल्या वर्षी ती एका चौकीत ड्यूटीवर असताना नवसी आली होती. ओठ फुटलेला, दंडावर चटके. "आज घरी गेले तर मारून टाकील," म्हणत होती. तक्रार घ्यायची म्हणजे तिला मेडिकलला न्यायचं, साहेबांना कळवायचं. सगळी संध्याकाळ त्यात गेली असती. अंबरनाथ पश्चिमेला घरी मुलाचा, सम्यकचा वाढदिवस होता, पाहुणे यायचे होते. प्रतिभाने सोमाला बोलावून दम भरला, कान धरायला लावले आणि नवसीला त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसवलं. "नीट नांदा," असंही म्हणाली. त्याच आठवड्यात सोमा कोयता घेऊन अंगावर आला आणि झटापटीत कोयता नवसीच्या हाती लागला.

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "छळ होता तर या बाईने एकदाही तक्रार का केली नाही?"

नवसी सांगत राहिली, गेले होते. नोंद कुठेच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत प्रतिभा बचावाच्या वकील मनाली यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "ती आली होती. मीच परत पाठवली."

मनालीने जेवणाचा डबा बंद केला. "हे साक्षीत सांगाल?"

"सांगेन."

"नोकरीवर येईल, ताई."

"माहीत आहे."

प्रतिभाचा नवरा, हेमचंद्र, रात्रभर समजावत होता. "सोमा मारणार हे तुला थोडंच ठाऊक होतं?"

"ती सांगत होती ना," प्रतिभा म्हणाली. "तिला ठाऊक होतं."

साक्षीला उभी राहिल्यावर तिने सगळं सांगितलं. चटके, दम, मोटरसायकल. तक्रार का घेतली नाही, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तिने वाढदिवसही सांगितला. नवसी तिच्याकडे एकटक बघत होती. नांदायला पाठवणं ही पोलिसांची रीतच असेल, असं ती इतके दिवस धरून चालली होती.

नवसी सुटली. जीव वाचवायला केलेला वार, असं न्यायाधीशांनी मान्य केलं. प्रतिभावर खात्याची चौकशी लागली.

निकालाच्या दिवशी प्रतिभा साध्या कपड्यांत कोर्टाबाहेर थांबली होती. नवसी बाहेर आली. तिची आई, जनाबाई, नवसीच्या पोरीला कडेवर घेऊन आली होती; नवसी जेलमध्ये गेल्यापासून पोर आजीकडेच होती.

"नवसी, मला माफ कर," प्रतिभा म्हणाली.

नवसीने आधी पोरीला आईकडून घेतलं. पोरीने तिला ओळखलं नाही, ती रडायला लागली आणि आजीकडे हात पसरू लागली.

"हिला इचारा," नवसी म्हणाली आणि रडणाऱ्या पोरीला थोपटत रिक्षा स्टँडकडे चालू लागली.