निकाल डॉक्टर सांगतात

प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्याने निकाल नातेवाइकांना सांगायचा नसतो; तो डॉक्टर सांगतात. इतक्या वर्षांत तिने हा नियम पहिल्यांदाच मोडला. भावाला किडनी हवी होती. त्याच्या आणि तिच्या रक्ताची चाचणी तिच्याच प्रयोगशाळेत झाली. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने कागद दाखवला आणि तिने तिथूनच घरी फोन लावला. "जुळलं!"

पलीकडे आईला रडू फुटलं. वहिनीने फोन ओढून घेतला. "वन्सं, तुमचे पाय धुऊन पाणी पिईन मी!"

वहिनीचा भाऊ बातम्यांच्या वाहिनीत होता. तो संध्याकाळी कॅमेरा घेऊनच आला. बातमीत तिचा आवाज नव्हता. तिचा हात दादाच्या हातात होता आणि खाली ओळ सरकत होती, बहिणीने भावाला जीवदान दिल्याची. शस्त्रक्रिया व्हायची होती, पण बातमीत सगळं देऊन झालं होतं.

जेवताना आई म्हणाली, "बरं झालं तू लग्न केलं नाहीस. नाहीतर सासरच्यांना विचारत बसावं लागलं असतं."

आपल्याला कुणी विचारलं, हे ती आठवत राहिली. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

आज ती अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे बसली होती. दात्याला एकट्याने आत बोलवायचं आणि त्याचं उत्तर चित्रित करायचं, असा कायदा. समोर डॉक्टरीणबाई, वकील आणि तिपाईवर कॅमेरा. घरचे दाराबाहेर बाकावर.

"कुणाचा दबाव आहे?" वकिलाने विचारलं.

"नाही." घरात कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

"स्वखुशीने देताय?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा बंद केला. "हो म्हणताना तुम्ही दाराकडे बघत होता."

तिने नजर टेबलावर आणली.

"नको असेल तर सांगा. आम्ही बाहेर कारण सांगत नाही. दाता तपासणीत बसत नाही, एवढंच म्हणतो. बऱ्याच जणांची अशी सुटका केलीय."

"माझी नाही व्हायची," ती म्हणाली. "चाचणी जुळल्याचं मीच घरी सांगितलं. रक्तदाब, साखर, सोनोग्राफी, सगळं ठीक आल्याचंही. दादाला धीर यावा म्हणून रोज एकेक सांगत गेले."

"कायद्याने तुम्ही भूल देईपर्यंत नाही म्हणू शकता," वकील म्हणाला.

"कायदा आमच्या घरी राहायला येणार आहे का?"

वकिलाला हसू आलं. ते त्याने खोकल्यात दडवलं.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कॅमेरा नाही. मला किडनी द्यायची आहे, एवढं एकदा म्हणा."

तिने तोंड उघडलं. शब्द सोपे होते, मघाशी त्यांना हो म्हणून झालं होतं. तरी एकही बाहेर पडेना. 'नाही'सुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "आज मी सही करत नाही."

"बाहेर काय सांगणार?"

"एक तपासणी राहिलीय."

त्यांनी दार उघडून तेच सांगितलं. वहिनी ताडकन उठली. "कसली तपासणी? वन्सं, सगळं झालं म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

आई तिच्याकडे बघू लागली. डॉक्टरीणबाईही बघत होत्या, पण त्या आता काही बोलणार नव्हत्या.

"अगं, आधी बसू दे की तिला," दादा म्हणाला. सुजलेले पाय ओढत तो जरा सरकला. "आल्यापासून पोलिसासारखी चौकशी!" बाकावर त्याच्या आणि आईच्या मध्ये जागा झाली, अगदी तिच्यापुरती.

ती बसली. दादाने तिचा हात हातात घेतला, बातमीत घेतला होता तसाच.

"कसली तपासणी गं?" त्याने हळूच विचारलं. "या लोकांचं मला काही कळत नाही. तू सांगशील ते खरं."