टिंब पडद्याचे, बोल वहिनींना

मी एक जुना मॉनिटर आहे. मॉनिटर म्हणजे संगणकाचा पडदा. मला टीव्ही म्हणू नका, डबडे म्हणू नका, आणि "अजून चालतो का हा?" असे तर माझ्या तोंडावर मुळीच विचारू नका. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम कपाटावर आहे. डोक्यावर चादरींची चवड आहे आणि माझीच वायर माझ्या गळ्यात गुंडाळली आहे. मी रागावलो आहे. राग का आला ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी मला जोडले, मग पूर्ण पांढरे करून पाहिले, लाल करून पाहिले, निळे करून पाहिले. एका बाईंनी माझ्या पाठीवर 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली तेव्हा मला आकाश ठेंगणे झाले. तिथून मी एका छापखान्यात आलो आणि वहिनींच्या टेबलावर बसलो. त्यांच्या घरी धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो.

वहिनींचे काम मुद्रितशोधनाचे. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या. कुठे काना राहिला, कुठे वेलांटी उलटी पडली, कुठे टिंब गळले, ते सारे त्यांनी पाहायचे. टिंब दिसायला एवढेसे, पण 'पंत'चे टिंब गेले की त्याची 'पत' होते!

माझ्या पडद्यावर लाखो बारीक ठिपके आहेत. एके दिवशी त्यातले तीनचार विझले आणि उजवीकडे, जरा वरच्या अंगाला, एक काळा बिंदू कायमचा राहिला. छापखान्यातले लोक हसले. वहिनी म्हणाल्या, "असू दे. तीळ आहे त्याचा."

पण हा तीळ मोठा खोडकर निघाला. नेमका एखाद्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायचा आणि टिंबाचे सोंग घ्यायचा. म्हणून वहिनींनी एक सवय लावून घेतली. ओळ वाचायची आणि माउसचे चाक किंचित फिरवून मजकूर हलवायचा. टिंब अक्षराबरोबर सरकले तर ते अक्षराचे. जागच्या जागी राहिले तर माझे. "हल बघू," असे त्या प्रत्येक ओळीला पुटपुटत. माझ्या एका खोडीमुळे त्या हरेक टिंबाची हजेरी घेऊ लागल्या. त्यांच्या हातून चूक सुटत नाही, असा त्यांचा लौकिक झाला. त्यात माझाही खारीचा वाटा होता, पण ते कुणी बोलले नाही.

पुढे त्यांच्या सासूबाई पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. त्यांना एकटे ठेवणे शक्य नव्हते. छापखान्याचे मालक वहिनींना म्हणाले, "घरून करा काम. हा मॉनिटरही घेऊन जा. पण एक सांगून ठेवतो, चुका जायला लागल्या तर इथे येऊन बसावं लागेल. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल." वहिनींनी मान डोलावली. सासूबाईंना सोडून जाता येणार नव्हते आणि काम सोडूनही चालणार नव्हते.

घरी त्यांनी मला कसे ठेवले ते ऐका. खिडकी माझ्या बाजूला, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर येत नसे. माझी मान उंच केली, म्हणजे वहिनींची मान सरळ राही. डोळे उचलले की दारातून सासूबाईंची खाट दिसे. किती सुखाचे दिवस होते ते!

आणि मग भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. भाऊजी म्हणजे वहिनींचे दीर. मनाने चांगले, पण प्रत्येक विषयात आपल्याला अक्कल आहे असा त्यांचा समज.

"वहिनी, हे काय धूड घेऊन बसलाय? थांबा, मी आणतो तुमच्यासाठी एक झकास मॉनिटर."

ते आपल्या दादाला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, घेऊन दुकानात गेले. काम करणार कोण? वहिनी. दुकानात गेले कोण? दोघे भाऊ! आल्यावर भाऊजी रंगात येऊन सांगत होते, "काय पोपट दिसत होता त्याच्यावर! एकेक पीस मोजून घ्या. आणि समुद्र तर असा, की पाय ओले व्हावेत." मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, वहिनी काय पोपट तपासतात? दुकानात एक ओळ तरी उघडून वाचलीत का? खुर्चीवर बसून पाहिलेत का? स्वारी न करताच घोडा घेतल्यासारखा मॉनिटर घेऊन आले.

तो आला. लांबलचक, कमरेत वाकलेला आणि आरशासारखा चकचकीत. माझ्या जागी तो मावेना, म्हणून टेबल फिरवून खिडकीच्या समोरच्या भिंतीला लावले. खिडकी वहिनींच्या पाठीशी गेली आणि तिचा सगळा उजेड त्याच्या तोंडावर येऊन बसला. सासूबाईंची खाट पाठीमागे गेली. त्याची मान वरखाली होत नाही, म्हणून वहिनींनीच आपली मान खाली घातली. या टोकाचे अक्षर वाचून त्या टोकाला जायचे तर मान फिरवावी लागे. संध्याकाळी त्या मानेला तेल चोळत बसत. पण तोंडाने काय म्हणाल्या? "छान आहे हो. भाऊजींनी एवढ्या प्रेमानं आणलाय."

आणि मी कपाटावर. तोंड खोलीकडे होते, एवढेच माझे नशीब.

वहिनी सवयीने चाक फिरवत. भाऊजींनी ते पाहिले. "ते खालीवर करणं सोडा आता वहिनी. ह्याच्यात एकसुद्धा खोट नाही. डोळे झाकून विश्वास ठेवा."

डोळे झाकून! मुद्रितशोधन करणाऱ्या बाईला!

वहिनींना वाटले, खरेच की. त्यांनी ती सवय सोडली. त्याच आठवड्यात एका शाळेच्या स्मरणिकेचे काम आले. एक सर निवृत्त होत होते. स्मरणिका तपासून गेली, छापून झाली, निरोपसमारंभात वाटली गेली. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाज एवढा, की कपाटावर मला ऐकू आला.

"अहो, पहिल्या पानावर काय छापलंय? 'सरांना निरोप देताना आम्हां सर्वांना खत वाटते'! खत! समारंभात हशा पिकला. सर बिचारे खाली मान घालून बसले होते. हे शेवटचं हं. आणखी एक चूक गेली तर उद्यापासून इथे यायचं!"

वहिनींचा चेहरा उतरला. दादा म्हणाले, "तुझं लक्ष कुठे असतं गं हल्ली?" भाऊजी म्हणाले, "इतका मोठा पडदा असून टिंब दिसू नये?"

मित्रांनो, मला पाय असते तर मी चादरींसकट खाली उडी मारली असती! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

वहिनींनी ते पान उघडले. "हे बघा," त्या म्हणाल्या, "इथे तर 'खंत'च आहे." दोघे भाऊ वाकले. खरेच 'खंत' होते. मग वहिनींचे बोट चाकावर गेले.

"हल बघू."

ओळ वर सरकली. टिंब तिथेच राहिले. वहिनींनी ते नखाने खरवडले. त्या चकचकीत तोंडावर माशी बसून आपला ठिपका ठेवून गेली होती.

मग वहिनी बोलल्या, आणि त्यांचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "भाऊजी, तुमचं प्रेम मला कळतं. पण या टेबलाशी बसते मी, मान दुखते माझी आणि बोलणी खाते मी. तुमच्या खोलीत न्या हा, खुशाल पोपट बघा. माझा मॉनिटर मी बघून आणीन. आज तुम्ही दोघं आईंजवळ बसा."

त्या दुकानात गेल्या त्या पेन ड्राइव्हवर आपले रोजचे पान घेऊन. खुर्ची मागून घेतली, पोपट बंद करायला लावला आणि आपले पान उघडून वाचत बसल्या. दुकानदार कंटाळला, पण त्या उठल्या नाहीत. आणला तो साधा, न चमकणारा, मान उंच करता येणारा. टेबल पुन्हा खिडकीच्या कडेला गेले.

मला वाटले होते, मला खाली उतरवतील. खोटे कशाला बोलू, मी वाट पाहत होतो. पण माझा उजेड आता फार मंद झाला आहे आणि वहिनींचे डोळेही पहिल्यासारखे राहिले नाहीत. उद्या जुनी यंत्रे नेणारा माणूस मला न्यायला येणार आहे.

जाण्याआधी एवढेच सांगतो. ज्याला त्या खुर्चीत बसायचे आहे, त्याला आधी विचारा. त्याचे काम त्या पडद्यावर उघडून पाहा, त्याची मान कशी राहते ते पाहा. पडदा रोज पुसा. आणि चूक झाली, तर माणसाला बोल लावण्याआधी त्याला कुठे बसवले होते तेही बघा.

आज सकाळी वहिनींनी शाईचे पेन उचलले आणि त्या नव्या पडद्यावर उजवीकडे, जरा वरच्या अंगाला, एक बारीक काळा ठिपका दिला. अगदी माझा तीळ होता तिथे.

दादा ओरडले, "अगं, नव्याकोऱ्या वस्तूला डाग लावतेस?"

"डाग नाही हो. तीट आहे," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी एकदा वर माझ्याकडे पाहिले, चाकावर बोट ठेवले आणि पहिल्या ओळीला म्हणाल्या, "हल बघू."