एनोच्या फोटोमागचा फ्यूजबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना फ्यूजबोर्ड आहे, आणि मनात डूख धरून बसणाऱ्यांपैकी आहे. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा सोशिक असतात. झिजल्या, अडगळीत पडल्या, तरी सगळ्यांचं भलं चिंतत राहतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

घानातल्या कुमासी शहराच्या बंतामा भागात, कोकोच्या वखारीतल्या एका कारकुनाच्या घरी मला बसवलं, तेव्हा त्या घरात सहा दिवे, एक रेडिओ आणि एक इस्त्री होती. लोखंडी पेटी, आत लाकडी फळी, फळीवर चिनी मातीचे चार फ्यूज आणि पेटीच्या उजव्या कुशीला मेन स्विचचा दांडा, एवढाच माझा संसार. कारकुनाची बायको अफ्राकोमा. पुढे सगळी गल्ली तिला एनो, म्हणजे थोरली आई, म्हणू लागली. दर शनिवारी ती कोरड्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसायची. फ्यूज उडाला की मेन बंद करून, चष्मा लावून, नेमक्या जाडीची बारीक तार स्वतः भरायची. "तो उडाला म्हणजे पुरे म्हणतोय," ती पोरांना सांगायची. "पुरे म्हणणाऱ्याचं ऐकावं." माझी एवढी कदर पुन्हा कोणी केली नाही.

मग कारकून गेला आणि घर वाढलं. मुलगी सेर्वाआ मासे विकू लागली, तिचा हा एवढा फ्रीझर आला. पंखे आले, टीव्ही आला, पाण्याचा पंप आला. फ्यूज मात्र चारच. मी वरचेवर 'पुरे' म्हणू लागलो. तोवर एनोची नजर अधू झाली होती, आणि माझं नशीब तिच्या धाकट्या मुलाच्या, बाफूरच्या हाती गेलं. हा हॅम्बुर्गला राहायचा. दर डिसेंबरला चार बॅगा आणि चाळीस सल्ले घेऊन यायचा. एकदा त्याच्या पार्टीत माझा फ्यूज उडाला. त्याने तांब्याची जाडजूड तार दुहेरी पिळली आणि बारीक तारेच्या जागी ठासून भरली. मग बाकीच्या तिघांनाही तेच औषध दिलं.

"आता उडून दाखव म्हणावं!" तो हसला.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या तोंडात बोळा कोंबला गेला. कितीही भार आला तरी मला आता 'पुरे' म्हणता येणार नव्हतं. फक्त आतल्या आत तापायचं. बाफूरच्या नावाची पहिली रेघ मी त्या दिवशी ओढली.

सेर्वाआ पाठ सोडत नव्हती. तिला नात झाली, त्यानंतरच्या डिसेंबरातही तेच. "बाफूर, वायरमन सांगून गेलाय. बोर्ड नवा हवा, फ्रीझरला वेगळी वायर हवी. माझ्या नातीची खाट याच भिंतीला आहे रे."

"सिस्टर, दिवा लागतोय ना?"

"दिवा लागतोय. घर लागलं तर?"

"तुझ्या तोंडाला काही बंधन? पुढच्या वर्षी बघू."

अशा बारा 'पुढच्या वर्षी' झाल्या. बारा रेघा.

आणि मग एनो गेली. आमच्याकडे माणूस गेलं की घराचं भाग्य उजळतं. जिवंतपणी तिच्या अंगावर गळणारं छप्पर पाहुण्यांसाठी बदललं. फरशी आली, पडदे आले, हॉलमध्ये तीन एसी बसले. निधनाच्या फलकावर एनोचं वय आठ वर्षांनी वाढवलं, कारण शंभरी शोभून दिसते. रंगाऱ्याने हॉलच्या भिंतीबरोबर मलाही पांढरं फासलं. माझं दार चौकटीला चिकटून बसलं. तरीही मी बाफूरच्या डोळ्यांत खुपतच होतो.

"हे गळू झाका काहीतरी करून!" तो ओरडला.

मग एनोचा पुरुषभर उंचीचा फोटो आणला आणि माझ्यासमोर खिळे ठोकून टांगला. बारा वर्षं टाळलेलं काम त्याने आईच्या चेहऱ्यामागे दडवलं. मी ठरवलं, याला आता भर गर्दीत गाठायचा.

अंत्यविधीच्या शनिवारची दुपार. अंगणात मांडव, हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा, शोकाचे काळे-तांबडे कपडे घातलेलं अख्खं कुळ जमलेलं. तीन एसी, माश्यांचा फ्रीझर, थंड पेयांचे दोन भाड्याचे फ्रिज आणि हत्तीएवढे कर्णे. सगळे माझ्या छातीवर. मी तापू लागलो आणि, खोटं कशाला सांगू, मजा येऊ लागली. तारांच्या जोडांवरची वेष्टणं वितळली. फळी काळवंडली.

सेर्वाआ नाक वर करत आत आली. "बाफूर, काहीतरी जळतंय."

"तुझेच मासे असतील. जा, फुफूचं बघ. माझं भाषण आहे."

तो फोटोसमोर उभा राहिला. कर्ण्यांतून आवाज घुमला, "लोकहो, आईसाठी मी या घरात काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही!"

त्याच क्षणी मी धूर सोडला. फोटोच्या मागून, बरोबर एनोच्या ओठांपाशी.

"अगं बाई गं! एनो धुमसतेय!" एक म्हातारी किंचाळली आणि पहिल्या तीन रांगा खुर्च्यांसकट मागे कोसळल्या. बाफूर माईक धरून खांबासारखा उभा. हाच क्षण मी बारा वर्षं चघळला होता.

तेवढ्यात फुफूसाठी उकडलेले कंद कुटायचं लांब लाकडी मुसळ घेऊन सेर्वाआ धावत आली. एका फटक्यात फोटो खाली, दुसऱ्या फटक्यात माझा दांडा खाली. एसी, कर्णे, माईक, सगळं गप्प. त्या शांततेत ती पलीकडच्या खोलीत पळाली आणि झोपेतली नात उचलून बाहेर आली. खाटेपासून वीतभर अंतरावर भिंतीचा रंग फुगून करपला होता.

मित्रांनो, त्या पोरीची मला आठवणच राहिली नव्हती.

कुळाचे थोरले, मामा तविया, काठी टेकत पुढे झाले. आधी त्यांनी फोटो पाहिला, मग माझं दार उचकटून आतली जाड तार पाहिली. "बाफूर, ही तार कोणी भरली?"

"मामा, मी... तात्पुरती..."

"आणि वर आईला बसवलंस राखणीला! दंड एक मेंढी आणि दारूच्या दोन बाटल्या. सगळ्यांसमोर तिची माफी मागायची. आणि नवा बोर्ड लागेपर्यंत विमानाचं नाव काढायचं नाही."

"मामा, माझी रजा..."

"रजा पुढच्या वर्षी बघू," सेर्वाआ म्हणाली.

सोमवारी वायरमन आला. घरात काय काय चालतं, हे त्याने सेर्वाआला आधी विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. फ्रीझरला वेगळी वायर, एसींना वेगळी, आणि जरा भार वाढला की खटकन पडणाऱ्या बटणांचा नवा बोर्ड लागला. तो मनात येईल तेव्हा 'पुरे' म्हणतो. मी अंगणात पडलोय. माझ्या पेटीत कोंबडी अंडी घालते.

बाफूरला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण उघड्या दारातून मला तो फोटो दिसतो. भाजल्याचा तपकिरी डाग एनोच्या ओठांपासून गालापर्यंत गेलाय. बाफूर नवी प्रत काढून देत होता. सेर्वाआने घेतली नाही. ज्या एका बाईने मला पुसलं, तिचंच तोंड मी पोळलं. ही रेघ कोणाच्या नावावर ओढू?

तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल, एखाद्या कॅलेंडरमागे. आज ते कॅलेंडर काढा आणि पेटीच्या झाकणाला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम लागलं, तर जाणत्या वायरमनला आजच बोलवा. आमची जात डूख धरते, आणि चिडली की भिंतीपलीकडे कोण झोपलंय हे बघत नाही.