सहाशे किलोसायकल

धर्मपालचं पत्र शुक्रवारी आलं. तो धारणीला शेतीखात्यात होता. मेळघाटातून गावी येणं जमत नव्हतं. आईला, मैनाबाईला, त्याचा आवाज ऐकून दीड वर्ष झालं होतं. बहीण मनकर्णा अकोटजवळच्या त्या गावात शाळामास्तरीण. तिनं आईला पत्र वाचून दाखवलं: 'बुधवारी संध्याकाळी साडेसहाला रेडिओवर माझं भाषण आहे. सहाशे किलोसायकलवर लावा.'

रेडिओ ग्रामपंचायतीत. तो चालवायचे सेक्रेटरी किसनराव. शनिवारी मनकर्णा आकडा घेऊन गेली, तर काट्याखालच्या पट्टीवर दोनशेपासून साडेपाचशेपर्यंतच आकडे होते.

"साडेपाचशेवर रेडिओ सरला बाई," किसनराव म्हणाले. "सहाशे आणू कुठून? अन् हे मीटर हायेत."

"मीटर म्हणजे कापडाचे?"

"दुसरे कोन्ते? वाराचे मीटर करता ना शाळेत? तसंच करा."

तेव्हा शेराचे किलो, वाराचे मीटर, सगळंच बदलून राहिलं होतं. मनकर्णानं सहाशे वारांचे मीटर काढले. पाचशे अठ्ठेचाळीस आले. आकडा पट्टीत बसला म्हणून तिला हायसं वाटलं. किसनरावांनी काटा तिथं नेला. नुसती खरखर.

सोमवारी रजा टाकून ती एस.टी.नं अकोल्याला गेली. जठारपेठेत देवीदास नावाचा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा. तिचं गणित पाहून तो हसला नाही, एवढं बरं झालं.

"सायकल म्हणजे लाटेचा एक फेरा, बाई. सेकंदाला असे सहा लाख फेरे, म्हणून सहाशे किलोसायकल. मीटर म्हणजे एका लाटेची लांबी. तीन लाखाले किलोसायकलनं भागा."

"तीन लाख कावून?"

"लाट सेकंदाले तीन लाख किलोमीटर जाते."

"मग भागून किलोमीटर यायला पाहिजेत, भाऊ. मीटर कसे आले?"

"वर किलो, खाली किलो. किलोले किलो गेला."

"अन् किलोसायकल वाढले तर?"

"मीटर कमी होतात. फेरे जास्त, तं लाट आखूड."

वार वाढले की मीटर वाढतात, इथं उलटंच. तिनं वहीत भागाकार केला. पाचशे. बसमध्ये पुन्हा केला. पुन्हा पाचशेच. पण कावून, ते अकोट येईपर्यंत तिला नीट सांगता आलं नसतं.

बुधवारी पंचायतीत काटा पाचशेवर नेईस्तोवर दोन मिनिटं उशीर झाला. खरखर विरली आणि एक माणूस बोलू लागला, "शेतकरी बंधूंनो, धान्य साठवण्यापूर्वी ते उन्हात नीट वाळवावे..."

मैनाबाई रेडिओकडे पाहतच राहिली. "हा कोन हाय?"

"धर्मपाल असंल, माय."

"माहा धर्मपाल असा बोलते? हा तं कोनी पुण्याचा सायेब हाय. तू चुकली पोरी."

मनकर्णानं वही उघडली. तीन लाख भागिले सहाशे. गणित बरोबर होतं, पण आवाज तिलाही ओळखू येईना. किसनराव म्हणाले, "दुसरंच केंद्र लागलं वाटते." त्यांनी काटा जरा हलवला. खरखर. पुन्हा मागं आणला. तोवर भाषण संपत आलं होतं.

"आताच आपण श्री. धर्मपाल पुंजाजी यांचे भाषण ऐकलेत," निवेदिका म्हणाली आणि सनई वाजू लागली.

"आता नाव सांगून राहिली!" मैनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आधी सांगतलं असतं तं मी मन लावून ऐकलं असतं. मी त्याच्याशीच भांडत बसली. काय बोलला वो तो?"

मनकर्णाला जेवढं आठवलं तेवढं तिनं घरच्या बोलीत सांगितलं. जवारी वाळवा, कणगी आतून शेणानं लिंपा, तळाशी कडूलिंबाचा पाला टाका.

"पाला तळाशी अन् दाण्याच्या मधातही," मैनाबाई म्हणाली. "मधात म्हणला का तो?"

"म्हणला."

"मंग तोच व्हय. मीच दाखवलं होतं त्याले." ती उठली, पदरानं डोळे पुसले आणि किसनरावांना म्हणाली, "भाऊ, बंद करा आता."